विभूतीचे कागद

अण्णाला ज्या मातीत ठेवलं ती तांबडी होती, असं भाच्यानं फोनवर सांगितलं. आपल्या जळकोटच्या रानासारखी काळी नव्हे, विटांच्या चुऱ्यासारखी तांबडी. आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. बसतं करून मातीत ठेवतात, तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग देतात आणि कपाळाला, दंडाला विभूती लावतात. नैरोबीत हे सगळं कसं जमवलं असेल, याचा मला घोर लागला होता. भाचा म्हणाला, "आत्या, विभूती घरातच निघाली. बाबांच्या ट्रंकेत धोतराच्या चिंधीत बांधलेली एक गट्टी होती. तुमच्याकडचीच ना?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. ती चिंधी कुणाच्या धोतराची आणि ते धोतर का फाडलं गेलं, हे सांगायला फोन पुरला नसता. म्हणून लिहायला बसले आहे. सावकाश लिहिते, कारण घाई करावी असं आता काही उरलेलं नाही.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ मल्लिनाथ. तिकडं दिवसभर तो कापसाच्या एका कंपनीत हिशेबनीस होता आणि संध्याकाळी कवी होता. शिवावरच्या त्याच्या कविता, हातातल्या लिंगाकडं बघत बसण्याविषयीचे त्याचे निबंध तिथल्या मराठी घरांतून वाचले गेले, पुढं इकडंही पुस्तकं आली. रविवारी त्याच्या बैठकीत गुजराती, कानडी, पंजाबी, सगळी माणसं मांडी घालून बसत, असं वहिनी लिहायची. त्यावर लिहिणारे लिहितील. मला ठाऊक आहे ते त्याच्या आधीचं, बोटीत बसण्यापूर्वीचं एक वर्ष. ते ठाऊक असलेलं आता माझ्याशिवाय कुणी नाही.

जळकोटला आमचं घर सडकेला लागून होतं. पुढं आप्पांचं गूळ, डाळी आणि करडईच्या तेलाचं दुकान, मागं आम्ही. सडकेवरून सोलापूर-हैदराबादच्या मोटारी जात, त्यांची धूळ थेट चुलीपर्यंत यायची आणि अव्वा, आमची आई, दिवसातून चार वेळा पाण्याचा सडा मारायची. अव्वाचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. माया करताना ती मराठीत बोलायची, चिडली की कानडीत, त्यामुळं तिच्या पहिल्या शब्दावरूनच आम्ही उंबरा ओलांडायचा की नाही ते ठरवायचो. सकाळी न्याहारीला कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि तिच्यात मधोमध खळगा करून ओतलेलं तेल. ती भाकरी मोडल्याचा आवाज ओसरीपर्यंत ऐकू यायचा. अण्णा म्हणायचा, "आपल्या घरात कुणालाच चोरून खाता यायचं न्हाय." चोरून लिहिता मात्र येत होतं, ते त्यानं करून दाखवलं.

आप्पांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. लहानपणी उसाच्या चरकात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, तळहाताची ती कडाही खचली. लिंगपूजा डाव्या तळहातावर करायची असते. आप्पा पूजेला बसले की भिंतीकडं तोंड करायचे आणि हातावर उपरणं ओढून घ्यायचे. पूजेच्या वेळी समोर जायचं नाही, हा आम्हा भावंडांना लहानपणापासूनचा दंडक होता. मला वाटायचं, ही पूजेची रीतच असेल. सगळ्यांचे आप्पा असेच भिंतीकडं तोंड करत असतील.

आमच्या घरची दुसरी रीत विभूतीची. माघ लागला की अव्वा वाळलेल्या शेणी परसात रचून जाळायची. ती राख पाण्यात कालवून धडप्यातून गाळायची, तळाशी बसली की वरचं पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं पाणी, पुन्हा गाळणं. सात पाण्यांनंतर राख दह्यासारखी मऊ होई आणि वाळली की शंखासारखी पांढरी. मग तिच्या मुठीएवढ्या गट्ट्या वळायच्या. शिवरात्रीच्या आठवडाभर आधी आप्पा गाडी जुंपून नळदुर्गापासून बेंबळीपर्यंत दुकानाशी घरोबा असलेल्या घरी एकेक गट्टी पोचवून यायचे. विभूती विकायची नाही, द्यायची. आणि जिच्यात विभूती बांधून आली ती वस्तू पायदळी येऊ द्यायची नाही. पान असो, कागद असो, तो देवळीत ठेवायचा आणि वर्षाकाठी विहिरीत सोडायचा. ही शेवटची रीत नसती तर आमच्या घराची गोष्ट वेगळी झाली असती.

अण्णा तुळजापूरच्या कचेरीत नकलनवीस म्हणून लागला होता. आमचा मुलूख तेव्हा हैदराबादच्या राज्यात, तिथं शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत. त्याचं सगळं शिक्षण त्याच अक्षरांत झालेलं, त्यामुळं त्याचा हात उर्दूत वाहत्या पाण्यासारखा चालायचा आणि बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, अडखळायचा. कविता तो मराठीत करायचा, पण उतरवायचा उर्दू अक्षरांत, उजवीकडून डावीकडं. लढाईच्या दिवसांत कागद औषधाला मिळत नव्हता. कचेरीतून टाकून दिलेले, एका अंगानं कोरे असलेले कागद तो घरी आणायचा. वर सरकारी मजकूर, पाठीमागं शिव. त्याला यात आणखी एक सोय दिसायची. आप्पांना ती अक्षरं येत नव्हती. लेक दिवेलागणीला कचेरीचं काम घरी आणून करतो, असं समजून आप्पा समाधानानं तेल मोजत बसायचे.

आप्पांना कवितेचा राग नव्हता, भीती होती. एकदा अण्णानं चार ओळी म्हणून दाखवल्या तेव्हा ते म्हणाले होते, "गुरूची आज्ञा न्हाय, साधना न्हाय, आन देवावर पदं जुळवतूस? देवाशी सलगी लई वाईट. आधी हातावर धरायला शिक." त्यानंतर अण्णानं घरात कविता काढली नाही. फक्त मला, शेळीच्या गोठ्यामागं, तीच अक्षरं शिकवली. मी तेरा वर्षांची होते. त्याला वाचणारं कुणी हवं होतं आणि मला वाचायला काही हवं होतं. दोघांचंही भागलं.

साठाच्या वर कागद झाले होते. ते त्यानं कुठं लपवावेत? राखेच्या खोपटात रद्दीची एक दुरडी होती. पूर्वी अव्वा विभूती कागदात बांधायची, पण कागद महागल्यापासून ती पळसाची पानं वापरू लागली आणि दुरडीला दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता. अण्णानं आपले कागद त्या दुरडीत, तळाशी ठेवले. रद्दीत रद्दी कोण शोधतं?

त्या वर्षी अव्वाच्या चुलतभावाचं पत्र आलं. नैरोबीत जागा आहे, पोराला पाठवा, पाडव्यानंतर बोट आहे. अण्णा कागदपत्रांसाठी आणि दोन सदरे शिवून घेण्यासाठी सोलापुरास गेला. सोलापूर इंग्रजांचं. वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता आणि तिथं अलीकडं माणसांच्या पिशव्यांतला लिहिलेला कागद न् कागद उलटून पाहत. म्हणून कविता त्यानं घरीच ठेवल्या. मीही त्याच आठवड्यात नळदुर्गला मावशीकडं गेले होते. आणि अव्वाच्या मनात आलं, लेक परमुलखात चाललाय, यंदाची विभूती पानात नको, पूर्वीसारखी कागदात बांधावी.

अण्णा आणि मी शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, दोघं एकाच मोटारीनं घरी आलो. तो सरळ खोपटात गेला आणि बाहेर येऊन दारात उभा राहिला.

"अव्वा, दुरडीतले कागद?"

अव्वा हुग्गी, गव्हाची खीर, ढवळत होती. खूश होऊन म्हणाली, "अरं, यंदा काय ब्येस कागद निघाला! जाड, कडक. एक गट्टी फुटली न्हाय बघ. बेंबळीपातुर गेली."

अण्णा वळला. ओसरीवर जाऊन बसला आणि नव्या सदऱ्याची घडी उघडून पुन्हा घातली, पुन्हा उघडली. सांगावं लागलं ते मला. अव्वाच्या हातातली पळी तशीच राहिली. "माझ्या हातानं," एवढंच ती म्हणाली. नंतर कानडीत पुष्कळ बोलली, आणि ते सगळं स्वतःला.

आप्पा दुकानातून आत आले. "कसले कागद? कचेरीचे?"

"कविता हाईत, आप्पा," मी म्हटलं. "अण्णानं केल्याल्या. तीन वर्षांच्या."

आप्पांनी ओसरीकडं पाहिलं. मला वाटलं आता आवाज चढणार. ते म्हणाले, "पाठ असतील की."

"न्हाईत," अण्णा तिथूनच म्हणाला. "लिहिलं की माझ्या डोक्यातनं जातं. आन मागायला जाऊ नका कुणी. विभूतीसंगं गेलं ते देवाला गेलं. मी तिकडं कारकुनी करायलाच चाललोय, कारकून म्हणून जाईन."

हे त्यानं इतक्या सरळ आवाजात म्हटलं, की त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. हुग्गी सकाळी शेळीला घातली.

सकाळी आप्पांनी बैल जुंपले.  अव्वाला म्हणाले, "घरातनं चुकून गेल्याली वस्तू घरानंच आणावी लागती. पण दिल्याल्या घरातनं रिकाम्या हातानं कागद कसा मागायचा?" अव्वा आत गेली आणि आप्पांचं पाडव्यासाठी आणलेलं कोरं धोतर घेऊन आली. आप्पा बघत राहिले आणि तिनं ते टरटर फाडून वीत-वीत चौकोन केले. प्रत्येक चौकोनात विभूतीची छोटी चकती बांधली. एक कागद घ्यायचा, एक पुरचुंडी द्यायची. मला गाडीत बसवलं, कारण कुठला कागद आपला हे ओळखणारी घरात मी एकटीच होते.

किती घरं फिरलो ते आता सांगता येणार नाही. आप्पांना मात्र एकेक घर पाठ होतं. आधी विठ्ठल तेल्याची आळी, मग मळ्यातले दोघे भाऊ, मग नळदुर्ग. बहुतेक देवळ्यांतून कागद निघाले, घडी घातलेले, राखेनं पांढरे झालेले. लोक आम्हाला हसायचे. एक म्हातारा म्हणाला, "शेठ, पुढच्या साली विभूती द्याल, आन बैल परत मागाल!" आप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पुरचुंडी द्यायचे, कागद माझ्या मांडीवर टाकायचे आणि कासरा ओढायचे.

नळदुर्गला एका घरी बाई घाबरलेली होती. कागदाच्या एका अंगाला सरकारी मजकूर, म्हणजे जप्तीचा हुकूम असावा, असं वाटून तिनं तो शेजारच्या कासिमभाई शिंप्याकडं वाचायला नेला होता. आम्ही पोचलो तर कासिमभाई चष्मा कपाळावर चढवून मशीनमागं बसलेले, कागदाची मागची बाजू वाचताहेत आणि ओठ हलताहेत.

"अगे पोरी, ये क्या तमाशा हय?" ते मला म्हणाले. "हुरूफ हमारे उर्दू के, बातां तुम्हारे शंकरजी की! किन्ने लिख्या?"

"माझ्या भावानं."

"तीन दफे पढ्या मैं. दो दफे समज्या नईं. तीसरे दफे मशीन बंद कर्या." त्यांनी कागद झटकून, फुंकून आप्पांच्या हातात दिला. दोन्ही हातांनी दिला. "शेठ, बच्चा बडा दिल लेको आया हय. बिठाको रखो मत."

आप्पांनी तो कागद माझ्या मांडीवर टाकला नाही. बाराबंदीच्या खिशात ठेवला. गाडी गावाबाहेर आल्यावर म्हणाले, "शांतव्वा, काय लिवलंय त्यात?" मी वाचून दाखवलं. त्यांनी बरं म्हटलं नाही, वाईटही नाही. "दुसरा वाच," म्हणाले. मी दुसरा वाचला. त्यानंतर बेंबळीपर्यंत मी वाचत होते. बैलांच्या घुंगरांच्या वर आवाज काढावा लागायचा, घसा कोरडा पडला की आप्पा गाडी थांबवून तांब्या पुढं करायचे. स्वतःच्या मुलाचं बोलणं बाप पहिल्यांदा ऐकत होता, आणि ते मुलीच्या तोंडून. पुढं मी तीस वर्षं शाळेत कविता शिकवल्या. त्या गाडीवानासारखा ऐकणारा मला वर्गात मिळाला नाही.

बेंबळीचं शेवटचं घर गयाबाईचं. मेंढरं राखणारं घर, आप्पा तिच्याकडून घोंगड्या घ्यायचे. कपाळ पांढरं, आवाज खणखणीत. कागद मागताच ती देवळीपुढं जाऊन उभी राहिली.

"न्हाय द्यायची! माझा नातू बारा दिस तापानं फणफणत व्हता. तुमची इभूत लावली आन कागुद उशाला ठिवला. तिसऱ्या दिशी पोरगं भाकर मागाया लागलं. म्या न्हाय देत."

"मावशी, गुण विभूतीचा हाय. ही बघा, नवी आणलीया."

"ती बी ठिवा. पण कागुद बी ऱ्हाऊ द्या." मग तिची नजर माझ्याकडं वळली. "व्हय गं, तुला वाचाया येतंय म्हनं? मंग सांग की काय लिवलंय. एवढे दिस हात जोडती म्या त्याला."

तिनं कागद देवळीतून काढला, पण हातातून सोडला नाही. तिच्या हातात धरलेलाच मी वाचला. शेजारच्या बायका आल्या होत्या, अंगणात कोकरं ओरडत होती. आप्पा दाराच्या चौकटीशी उभे होते.

*ज्या हातानं राबतो त्याच हातावर बसवतो.*
*दोन बोटांची जागा रिकामी,*
*म्हणून देव त्या अंगाला कलतो.*
*सरळ बसलेला देव असेल कुठं तरी,*
*मी पाह्यला न्हाय.*
*माझ्या बापाच्या हातावरचा पाह्यलाय.*

वाचता वाचताच माझ्या ध्यानात आलं की मी काय वाचते आहे, पण तोवर ओळी संपल्या होत्या. उपरण्याखालचं अण्णानं कधी पाहिलं होतं? मला आप्पांकडं बघवेना. गयाबाईनं बघितलं. तिची नजर आप्पांच्या तोंडावरून त्यांच्या डाव्या हातावर गेली. तिनं डोक्यावरचा पदर तेवढा पुढं ओढला.

"पुन्हा वाच," आप्पा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. "आणिक एकदा." तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मग ते गयाबाईला म्हणाले, "मावशी, ठेवा हा कागद तुमच्याकडं. जागा चांगली हाय त्याची."

"आप्पा, उतरवून तरी घेते," मी म्हटलं.

"नको. मला आला."

परतीच्या वाटेवर त्यांनी काही वाचायला सांगितलं नाही. डावा हात मात्र कासऱ्यावर उघडा होता. एरवी गाडीतही ते तो उपरण्याच्या टोकात ठेवायचे.

घरी आलो तेव्हा चार कागद सोडून सगळे परत आले होते. तीन विहिरीत गेले होते, एक बेंबळीला राहिला. अण्णानं गठ्ठा घेतला, एकेक कागद फुंकला, आणि अव्वाच्या पाया पडायला गेला तर ती म्हणाली, "साकु, साकु. पुरे. आधी जेव." तिला बोलायचं होतं ते मराठी आणि कानडीच्या मधे कुठंतरी अडकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर आप्पांनी हाक मारली. "मल्लू, कागद आन दौत घेऊन ये." अण्णा समोर बसला. आप्पांनी डोळे मिटले आणि शाळेतलं पोर पाठ म्हणतं तशी ती कविता म्हटली, थांबत थांबत, एक शब्द न चुकता. अण्णाचा हात उजवीकडून डावीकडं चालला होता. शेवटच्या ओळीनंतर तो टाक खाली ठेवणार तर आप्पा म्हणाले, "थांब. हाय अजून." आणि म्हणाले,

*"कलला, पण पडला न्हाय."*

अण्णानं मान वर केली. "आप्पा, ही ओळ माझी न्हाय."

"ठाऊक हाय मला. तुझी असती तर म्या कशाला सांगतो? लिव."

अण्णानं लिहिलं. त्यानंतर तो निघेपर्यंत आप्पा रोज पूजेला ओसरीकडं तोंड करून बसले, उपरणं खांद्यावर टाकून. लिंग खरंच कललेलं असायचं. अण्णा समोरच्या खांबाला टेकून बघत बसायचा आणि त्याला कुणी उठ म्हणत नव्हतं. जायच्या दिवशी अव्वानं धोतराच्या उरलेल्या चौकोनात एक गट्टी बांधून त्याच्या ट्रंकेत ठेवली. मोटार हलताना आप्पा एवढंच म्हणाले, "लिवत जा." पुढच्या वर्षी दंगलींत सडका बंद पडल्या, राज्य बदललं, आप्पा गेले. अण्णाला यायला जमलं नाही. पहिलं पुस्तक आलं तेव्हा त्यानं ते बाळबोधीत छापलेलं मला पाठवलं, आत कुठंही टीप नव्हती. सोबतच्या पत्रात एकच वाक्य होतं. 'शांते, ओळ जशी सांगितली तशी ठेवली आहे, कुणाची ते विचारलं तर अजून सांगवत नाही.'

त्याच्या साऱ्या लिखाणात लोकांनी उचलली ती हीच ओळ. व्याख्यानांत ऐकली, लग्नपत्रिकेवर पाहिली, एकदा सोलापूरच्या स्टँडवर एका मालमोटारीच्या मागं रंगवलेली वाचली. तिथंच उभी राहून मी हसले आणि पदरानं तोंड पुसलं.

काल भाच्याचा पुन्हा फोन आला. दगड बसवायचा आहे. नावाखाली काय कोरायचं म्हणून त्यानं तिथल्या मंडळींना विचारलं, तर सगळ्यांनी एकच ओळ सांगितली. "आत्या, बाबांची सगळ्यात चांगली ओळ. 'कलला, पण पडला न्हाय.' चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल रे. तीच कोर."

आता हे लिहून झालं की त्याला पाठवीन. त्याच्या बाबाच्या उशाला त्याच्या आजोबांची ओळ आहे, हे त्याला माहीत असलं पाहिजे.